चार नंबरची जागा

वैकाशी, म्हणजे आमचा मे-जूनमधला तमिळ महिना, सरत आली की आमच्या हॉलमधला पंखा थकतो. आमचं घर तंजावूरच्या अगदी कडेला, ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या दारी शहर, मागच्या दारी भाताची खाचरं. कालव्यांना पाणी यायला तेव्हा अजून अवकाश असतो, पण कुरुवैची, म्हणजे आमच्याकडच्या पहिल्या पिकाची, रोपं तर टाकायलाच हवीत. म्हणून शेताशेतांतल्या मोटरी सुरू होतात. त्या सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं, ट्यूबलाइट डोळे मिचकावत राहते आणि मिक्सर चटणी वाटायची सोडून नुसता कण्हत बसतो. नवा ट्रान्सफॉर्मर आल्यापासून हे पुष्कळ कमी झालंय. तरी वर्षातले काही दिवस पंखा थकतोच, आणि तो थकला की मला उगीचच बरं वाटतं. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात. मला हिप-हॉप आठवतं.

हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या साडीकडे बघतो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, पन्नाशीला टेकले आहे, केसांत मोगरा माळते. कॉलेजच्या मेळाव्यात मुलं तमिळमध्ये रॅप करतात तेव्हा परीक्षक म्हणून मला कुणी बोलवत नाही. मला रांगोळीला बसवतात. मी बिनतक्रार रांगोळीचे गुण देते आणि कान स्टेजकडे ठेवते. एकदा एका मुलीला जाता जाता सांगितलं, की तुझे शब्द ठोक्याच्या पुढे धावतायत, जरा मागे रेल. ती दिवसभर मैत्रिणींना विचारत होती म्हणे, मॅडमना हे कुठून कळलं.

कळलं ते माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून. या कपाटाला इथे आम्ही सगळेच बीरो म्हणतो. त्याच्या वरच्या फळीवर माझ्या रेशमी साड्या असाव्यात अशी अम्माची, माझ्या आईची, अपेक्षा होती. तिथे तीसेक कॅसेटी आणि शेवटी शेवटी निघालेल्या चार-दोन सीड्या आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या टेक्सास राज्यात ह्यूस्टन नावाचं शहर आहे, तिथल्या एका छोट्या कंपनीने काढलेल्या. कंपनी म्हणायचं ते आपलं मानाने. एक माणूस, त्याच्या घराला लागून गाडी उभी करायचं पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराखाली टेबलावर दोन टेपरेकॉर्डर. छपराला तिकडे कारपोर्ट म्हणतात, म्हणून कंपनीचं नाव कारपोर्ट टेप्स. आळीतली पोरं तिथे येऊन रॅप करायची, मालक ते ध्वनिमुद्रित करायचा, कॅसेटवर हिरवा कागद चिकटवायचा, त्यावर हाताने नंबर घालायचा आणि गाडीच्या डिकीतून विकायचा. मोठ्या कंपन्यांच्या दारात तो कधी गेला नाही. काही वर्षं हे चाललं आणि मग थांबलं. त्या सगळ्या नंबरांचा संच पुरा करायचा, हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा नाद.

त्या भागातली एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ह्यूस्टनची ही मंडळी गाणं मुद्दाम मंद करून ऐकतात. साध्या वेगाने म्हटलेलं गाणं टेपवर संथ करतात, म्हणजे आवाज जाड होतो, शब्द लांबतात, आणि ठोका असा पडतो की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस उठून पाणी पिऊन यावा. तिकडेही उकाडा आमच्यासारखाच, दमट आणि चिकट. अशा हवेत घाईचं गाणं सोसत नाही, असं माझं मत आहे. संख्याशास्त्राने ते सिद्ध होणार नाही.

माझा मोठा भाऊ, अण्णा, शिकायला ह्यूस्टनला गेला तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी तो एका पेट्रोल पंपाच्या दुकानात काम करायचा. कारपोर्टचा मालक तिथे रोज बर्फ घ्यायला यायचा. एक दिवस त्याने अण्णाच्या हातात एक कॅसेट ठेवली, चार नंबरची. अण्णाला ती इतकी आवडली की सुट्टीत मद्रासला येणाऱ्या कुणाबरोबर तरी त्याने ती माझ्यासाठी पाठवून दिली. बरोबर एक चिठ्ठी होती, तमिळ अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, कारण आमच्यात, तंजावूरच्या मराठी लोकांत, देवनागरी येतं कुणाला. मी ते शाळेत असताना हिंदीच्या शिकवणीत शिकले, आणि लिहिण्याजोगं मराठी पुण्यात नोकरीला होते तेव्हा. अण्णाने लिहिलं होतं, की ऐकून बघ, इथे अस्की अशीच गाणी ऐकतात. ‘अस्की’ म्हणजे सगळी. गाणं मुळातच मंद आहे, एवढं सांगायचं तेवढं तो विसरला.

ते दिवस नेमके हेच होते. मोटरी चालू, कालवे कोरडे, व्होल्टेज जमिनीला लागलेलं. आमचा टेपरेकॉर्डर आधीच वयस्कर, आणि व्होल्टेज उतरलं की तोही मंद चालायचा. मी चार नंबर लावला. मंद यंत्रावर मंद गाणं. आतून जो आवाज आला त्याला माणसाचा म्हणायचं की रेड्याचा, हे ठरवायला आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, शाळेत गणित शिकवायचे. कुठल्याही बिघाडाकडे ते उदाहरणासारखे बघत, पायरी पायरीने. पहिली पायरी म्हणजे फ्रीज बंद करणं. व्होल्टेज उतरलं की आधी फ्रीज बंद करायचा, नाहीतर तो जळतो, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला पाढ्यांच्या आधी येतं. फ्रीज बंद झाला तरी गाणं मंदच. मग पंखा बंद झाला, दिवा बंद झाला. दुपारच्या उकाड्यात आम्ही चौघांतले उरलेले तिघे अंधारात घाम पुसत बसलो आणि रेडा गातच राहिला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी बॅटरीचे सेल उन्हात ठेवले, तापले तसे टेपरेकॉर्डरमध्ये घातले. तरी तेच. मग पहाटे, मोटरी थांबलेल्या असताना, व्होल्टेज चांगलं असताना लावून पाहिलं. रेडा थोडा सावरला, पण रेडाच. अप्पांनी टेप पेन्सिलने फिरवून सैल-घट्ट तपासली, उजेडाकडे धरून पाहिली आणि उत्तराखाली रेघ मारावी तसं सांगितलं, की ही प्रवासात ताणली गेली. बिघडलेली आहे.

मला मात्र ती आवडली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण बिघडलेली वस्तू आवडते असं आपल्या गणित शिकवणाऱ्या वडिलांना कसं सांगायचं. त्या दोन-तीन दिवसांत मी ती जेवढी ऐकली तेवढीच. एक माणूस अगदी सावकाश काहीतरी सांगत होता आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. आमच्याकडे त्या दिवसांत सगळेच वाट बघत असतात. शेतकरी पाण्याची बघतात, विद्यार्थी निकालाची, बायका पाऊस लागायच्या आत वाळवणं वाळण्याची. त्या सगळ्या ताटकळण्यात हे गाणं मला आमच्याच गावचं वाटलं.

तंजावूरकरांच्या घरात काही टाकून देत नाहीत. हा आमचा गुण की अवगुण, ते कपाट उघडणाऱ्याने ठरवावं. अप्पांनी कॅसेटच्या डोक्यावरच्या दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावली. खाच झाकली की भरलेल्या कॅसेटवरही पुन्हा मुद्रण करता येतं, हे त्या काळी घरोघरी माहीत होतं. तेव्हा परदेशात फोन क्वचित व्हायचा, आणि झाला तरी ‘ऐकू येतं का’ यातच संपायचा. म्हणून कॅसेटवर बोलून ती पाठवून द्यायची पद्धत होती. बिघडलेली टेप वाया का घालवा. अप्पा टीपॉयपुढे ताठ बसले, बटण दाबलं आणि बोलू लागले.

ते फळ्यावर लिहीत असल्यासारखे सावकाश बोलायचे, एक वाक्य पुरं झाल्यावर दुसरं. रोपं कुठवर आली, कालवा अजून कसा कोरडा आहे, माझा पेपर कसा गेला, असं सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणाली, तो वेळेवर जेवतो का ते विचारा. अप्पा म्हणाले, तूच विचार. मग अम्मा आली, टेपरेकॉर्डरपुढे वाकली, त्याच्या जाळीला तोंड लावून तिने विचारलं आणि तशीच वाकून उत्तराची वाट बघत राहिली. फोनची सवय. मला हसू येत होतं, पण अप्पांनी हाताने गप्प राहायला सांगितलं आणि टेप फिरू दिली. त्या शांततेत मागच्या शेतातली मोटर ऐकू येत होती. पुष्कळ वेळाने अम्मा सरळ झाली. मग अप्पांनी राहिलेलं सांगून बटण बंद केलं आणि माझी कॅसेट ह्यूस्टनला परत गेली.

तिकडे निराळीच गंमत झाली. व्होल्टेज उतरलेलं असताना मंद फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप चांगल्या यंत्रावर लावली की भरधाव पळते. अण्णाच्या खोलीत अप्पा चिमणीच्या आवाजात, गाडी चुकेल अशा घाईने बोलले. जन्मात कधी घाई न केलेला माणूस. अण्णाने फोन करून आधी खरं सांगितलं, की ते गाणं तसंच असतं, मुद्दाम मंद केलेलं, आणि मग सांगितलं की तुम्ही इथे कसे ऐकू येता. आम्ही हसून हसून बेजार झालो. अप्पा जरा वरमले, पण हार मानली नाही. म्हणाले, चांगलं गाणं बिघडवून विकणाऱ्यांना काय म्हणावं.

अण्णाने मात्र मनावर घेतलं. जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून त्याने एक टेप डेक शोधला, वेग कमीजास्त करायची खुंटी असलेला. ती खुंटी हळूहळू फिरवत त्याने अप्पांना मंद केलं, अप्पा अप्पांसारखे वाटेपर्यंत. कारपोर्टच्या छपराखाली जे चाललं होतं तेच माझा भाऊ आपल्या खोलीत, आपल्या वडिलांवर करत होता. हे त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही सहज, दुसरंच काही बोलताना.

दुसऱ्या वर्षी त्याने मला पाच नंबर पाठवला, मग सहा. पुण्याच्या नोकरीत माझ्या हाती इंटरनेट आलं, आणि मग मी सुटलेच. एक नंबर अटलांटाच्या एका न्हाव्याकडून मिळाला. अकराव्यासाठी मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला, आणि आला तो नुसता डबा अकराचा; आत कॅसेट दुसऱ्याच कुणाची, भजनांची. नाद लागलेल्या माणसाला अशा गोष्टींचं दुःख होत नाही, सांगायला किस्सा मिळतो. सगळ्यात मोठा शत्रू मात्र आमची हवा. इथल्या दमटपणात टेपला पांढरी बुरशी धरते. त्यावर उपाय मी घरातलाच काढला. कोरड्या तांदळाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधून, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवून डबे बंद करायचे. माझ्या टेप इतक्या स्वच्छ कशा, असं एका अमेरिकन संग्राहकाने विचारलं तेव्हा मी त्याला हे कळवलं. त्यानेही तांदूळ आणले, पण पुरचुंडी बांधायचं सोडून टेपवर ओतले. आठवडाभर तो यंत्रातून दाणे वेचत होता.

हा कर्टिस. ह्यूस्टनचाच, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, कारपोर्टच्या मालकाचा शेजारी. सगळा संच पुरा असलेला मला माहीत असलेला तो एकटाच माणूस. माझ्याकडे पुढे सगळे नंबर जमले, अकरावासुद्धा, चौथा सोडून. आमच्या घरातून गेलेला तेवढाच एक नंबर मला जगात कुठे मिळत नव्हता. मालकाने त्याच्या फारच थोड्या प्रती काढल्या होत्या म्हणे. कर्टिसच्या प्रतीची नक्कल मागवता आली असती, पण संचात नक्कल चालत नाही.

आणि आमची ती प्रत अण्णाकडेही उरली नव्हती. ह्यूस्टनला एकदा मोठा पूर आला, त्याच्या घरात कंबरेइतकं पाणी शिरलं, आणि खालच्या खणातलं सगळं चिखल झालं. अण्णाने हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज मला नीट वाटला नाही. अप्पांनी मात्र त्याची समजूत घातली, की त्यात काय एवढं, परत बोलेन की. नवी कोरी कॅसेटही त्यांनी आणून ठेवली. पाणी सुटू दे, व्होल्टेज नीट येऊ दे, म्हणजे या खेपेला घाईत ऐकू येणार नाही, असं म्हणत राहिले. पाणी सुटलं, व्होल्टेज आलं, एकदा नव्हे, दोन वर्षं आलं. मग अप्पा गेले. मोबाइलमध्ये माणसं साठवायची सोय व्हायच्या आधीच गेले. त्यांची कोरी कॅसेट अजून तिच्या कागदातच आहे.

म्हणून कपाटात तीन आणि पाच यांच्यामध्ये मी बोटभर जागा सोडलेली असायची. येणारे-जाणारे म्हणायचे, एवढं सगळं आहे, एका नंबराने काय अडतंय. अडत होतं. अप्पांचा आवाज भरलेली जगातली एकच टेप, तीही पाण्यात गेली. तो आवाज आता मिळणार नव्हता, पण त्याच्या खाली दबलेलं गाणं तरी मिळावं, असं मला वाटायचं. माणूस गेल्यावर त्याची बसायची जागा जपून ठेवतात ना, तसं काहीसं. हे शहाणपणाचं नाही, हे मला कळत होतं. कळून नाद सुटत असते तर कपाटात साड्या असत्या.

यंदाच्या वैकाशीत कर्टिसचा निरोप आला. त्याची एक मावशी घर बदलत होती, तिच्या सामानात चार नंबरची आणखी एक प्रत निघाली. टपालाने पाठवू का, विचारत होता. मी कळवलं की टपालाला हात लावू नकोस, माझा भाऊ जूनमध्ये इकडे येतोय, तो घेऊन येईल. कर्टिस कधी काही विकत नाही, अदलाबदल करतो. मी त्याला तंजावूरच्या पेठेतल्या एका जुन्या, बंद पडलेल्या कॅसेटवाल्याने काढलेली नादस्वराची टेप कबूल केली. तोही आपल्या दुकानातच मुद्रण करायचा, लग्नातून आणि देवळांच्या उत्सवातून वादकांना धरून आणायचा, कागदावर हाताने नंबर घालायचा. कर्टिसला हे फार पटलं. त्याने लिहिलं, की म्हणजे तोही दक्षिणेतलाच. मी म्हटलं, आम्ही तर बोलतो त्या भाषेलाही दक्षिणी मराठीच म्हणतात. ज्यांना नकाशाच्या खालच्या टोकाला घालून वरचे लोक विसरून जातात, त्यांनी आपापल्या छपराखाली आपलं गाणं भरून ठेवावं, हे मला अगदी योग्य वाटतं.

अण्णा आला. केस बहुतेक पांढरे झाले आहेत, पण दारात चप्पल काढायची तऱ्हा तीच, एक इथे, एक तिथे. अम्माने त्याला आल्या आल्या जेवायला बसवलं आणि तो काय खातो यापेक्षा काय ठेवतो यावर लक्ष ठेवलं. तो कर्टिसकडे गेला होता तेव्हा दोघे शेजारच्या त्या कारपोर्टच्या छपराखाली खुर्च्या टाकून दुपारभर बसले होते म्हणे. कर्टिसने टेप लावायला काढली होती. अण्णाने त्याला थांबवलं, की घरी गेल्यावर बहिणीबरोबर ऐकेन. हे मला त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी उठून कॉफी करायला गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर मी टेप लावली. मागच्या शेतात मोटरी चालू होत्या. पंखा थकलेला होता. पण माझ्या डेकला आता स्टॅबिलायझर आहे, व्होल्टेज कितीही उतरो, तो आपल्या चालीने चालतो. म्हणजे त्या गाण्याला त्याच्या स्वतःच्या वेगात मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकणार होते. हिरवा कागद उन्हाने पिवळट झालेला, त्यावर हाताने काढलेला चार. मी बटण दाबलं. थोडी खरखर, आणि मग तो जाड, सावकाश ठोका. रेडा नव्हे. एक तरुण मुलगा होता, खोल आवाजाचा, आपल्या आळीबद्दल सांगत होता. एवढ्या वर्षांनी मला त्याचे शब्द कळले. तो कुणाची तरी वाट बघत होता, छपराखाली बसून. मला फार आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा. अण्णाकडे बघितलं तर त्याने डोळे मिटले होते.

तेवढ्यात आरामखुर्चीतून अम्मा उठली. काठी टेकत भिंतीपर्यंत गेली आणि तिने फ्रीज बंद केला.

“करंट पडलंय,” ती म्हणाली. “पाणी आलं की होईल बरोबर.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिला समजवायला मी तोंड उघडलं होतं, पण अण्णाने नको अशी मान हलवली, उठून पंखा बंद केला, ट्यूबलाइटही बंद केली आणि जागेवर येऊन बसला. हॉलमध्ये अंधार झाला, म्हणजे आमच्याकडे दुपारी होतो तेवढाच, खिडकीच्या फटींतून उजेड येत होताच. मोटरींचा आवाज मागे होता. गाणं चालू होतं. आणि त्या गाण्यावर, ठोक्याच्या जरासं मागे रेलून, अण्णा बोलू लागला.

“चिरंजीव रघू. तुझी टेप आली. प्रवासांत बिघडली असावी. टाकून कशाला द्यायची, म्हणून तिच्यावरच बोलतों.”

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. अप्पांची वाक्यं होती ती, एक पुरं झाल्यावर दुसरं. रोपं हातभर झालीत. कालवा कोरडा आहे. सुमीचा पेपर बरा गेला म्हणते, निकाल लागला म्हणजे कळेल. मध्ये अप्पा खोकले होते तिथे अण्णा खोकला. कुठे त्यांनी श्वास घेतला होता, कुठे चष्मा पुसायला थांबले होते, सगळं त्याच्यापाशी होतं. परक्या गावी एकट्याने खुंटी फिरवून फिरवून त्याने ते इतकं ऐकलं होतं की टेप गेली तरी अप्पा कुठे गेले नव्हते. मी वर्षानुवर्षं अप्पांच्या आवाजाखालचं गाणं शोधत होते, आणि गाण्यावरचे अप्पा माझ्या भावाकडे होते. मला रडू आलं, पण ते सुखाचं होतं, आणि मी ते पुसलंही नाही.

अम्मा फ्रीजपाशी उभी होती, एक हात त्याच्या दारावर.

“तुझी अम्मा कायतरी विचारत्ये,” अण्णा अप्पांच्या चालीत म्हणाला, आणि थांबला. पुढचं वाक्य अप्पांचं नव्हतं. ते त्याने म्हटलं नाही. ठोका पडत राहिला, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मागच्या शेतातली मोटर ऐकू येत होती.

अम्मा जरा पुढे वाकली.

“रघू, वेळेवर जेवतोस कां रे?”

आणि तशीच वाकून वाट बघत राहिली.

“जेवतों, अम्मा,” अण्णा म्हणाला.

“मग बरं,” असं म्हणून अम्मा खुर्चीत येऊन बसली, आणि आम्ही तिघांनी ती बाजू संपेपर्यंत ऐकली. फ्रीज परत सुरू करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. संध्याकाळी दूध नासलं.